मावशी, तुमचा आला नाही

फोटो काढायचा आणि तो आला की नाही हे कळायला चार-आठ दिवस थांबायचं, या एका गोष्टीनं माझे केस चाळिशीच्या आत पांढरे झाले. आताची पोरं डिजिटल कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या काचेत लगेच बघतात, नाक मुरडतात, पुसून टाकतात आणि दुसरा काढतात. मला त्यांचा हेवा वाटतो. थोडा रागही येतो, खोटं कशाला बोलू? आमच्या वेळी शटर दाबलं की जी धाकधूक सुरू व्हायची, ती निगेटिव्ह धुऊन दोरीवर टांगेपर्यंत जायची नाही. पुष्पा, म्हणजे माझी बायको, म्हणायची, "तुम्ही फोटो काढता की परीक्षेला बसता?" मी म्हणायचो, दोन्ही.

धंद्यातल्या गमती लिहून द्या, असा दिवाळी अंकवाल्यांचा निरोप आला तेव्हा मी दोन दिवस गमतीच आठवत बसलो. आठवल्याही. पण मन फिरून फिरून एकाच फोटोपाशी यायला लागलं, आणि त्याला गंमत म्हणायची माझी हिंमत नाही. तेव्हा तेच सांगतो.

आमचं घराणं मूळचं राजस्थानातलं. पणजोबा पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावात आले, कापडाचं दुकान टाकलं आणि इथलेच झाले. माझे दोन्ही थोरले भाऊ त्या गादीवर बसले. मला मेली कापडं फाडण्यात काही गोडी वाटेना. शेवटी बापूजींनी, म्हणजे वडिलांनी, दुकानामागची गोदामाची खोली दिली आणि म्हणाले, "कर तुझं काय ते." दुकानातलंच काळं कापड खिडकीला ठोकून मी डार्करूम केली आणि पुढच्या बाजूला एक स्टूल नि पडदा लावून स्टुडिओ. लोकांनी नाव ठेवलं फोटोशेठ. शेठपण नावापुरतंच होतं, पण डिंभ्यापासून मढपर्यंत ते नाव चाललं.

कॅमेरा घेतला तो पुण्याच्या जुन्या बाजारात. उभा काळा डबा, तोंडावर एकाखाली एक अशी दोन भिंगं. वरच्या भिंगातून आपण बघायचं, खालच्यातून फोटो निघायचा. रोल चांगला रुंद, त्यावर बाराच फोटो. पण निगेटिव्ह एवढी मोठी की कॅलेंडरएवढा फोटो केला तरी माणसाच्या मिशीचा केस न् केस दिसायचा. नावाजलेल्या कंपनीचा असा कॅमेरा मला झेपणारा नव्हता. हा कुठल्याशा परदेशी कारखान्यातला, स्वस्तातला, आधीच दोघांनी वापरलेला. विकणारा म्हातारा मात्र सरळ होता. म्हणाला, "काच एक नंबर आहे. बाकी कशावर विश्वास ठेवू नका."

बाकी म्हणजे काय काय, ते मला पुढे वर्षभर कळत गेलं. या कॅमेऱ्याच्या पाठीला एक छोटी लाल खिडकी असते. रोलच्या मागच्या कागदावर एक ते बारा आकडे छापलेले असतात. उजवीकडची किल्ली फिरवत जायची आणि खिडकीत पुढचा आकडा आला की थांबायचं. माझ्या खिडकीची लाल काच फिकी पडलेली, त्यातून उजेड आत शिरायचा आणि फोटोवर पांढरा डाग पडायचा. मी तिच्यावर डॉक्टरांकडची चिकटपट्टी लावली. आकडा बघायचा तर सावलीत जाऊन, अंगाआड धरून पट्टी उचकटायची, बघायची, परत दाबायची.

दुसरी खोड त्याहून वाईट. महागड्या कॅमेऱ्यात फोटो काढला की शटरला आपोआप कुलूप बसतं. रोल पुढे सरकवल्याशिवाय दुसरा फोटो निघतच नाही. माझ्या डब्याला कुलूप नव्हतं. रोल पुढे न घेता परत शटर दाबलं तर तो मुकाट्यानं पहिल्या फोटोवरच दुसरा काढायचा. म्हणून मी हाताला एक सवय लावली होती. टिच् आवाज झाला की बोटं थेट किल्लीवर. कोणी हाक मारू दे, म्हैस अंगावर येऊ दे, आधी किल्ली.

तिसरी गोष्ट खोड नव्हे, त्या कॅमेऱ्याची जातच तशी. वरच्या काचेत डावं-उजवं उलटं दिसायचं. आणेपठारावर एका लग्नात मी नवरदेवाला "डावीकडे सरका" म्हणत राहिलो आणि तो बिचारा सरकत सरकत मांडवाच्या खांबाला जाऊन भिडला. करवल्या हसून हसून बेजार. नवरीचा मामा म्हणाला, "शेठ, सकाळी भाकरी कुठल्या हातानं खाल्ली ते आठवा आधी." शिवाय कॅमेरा पोटाशी धरून त्यात वरून बघावं लागतं, म्हणजे मान सदा खाली. मढला एक आजोबा मला म्हणाले होते, "फोटो काढताना एवढं लाजता कशाला?" मढचं धुकं आणि माझं भिंग यांचं वैर ही वेगळीच कथा आहे, ती राहू द्या.

आता डिंभ्याचं सांगतो.

बँक म्हशीला कर्ज द्यायची तेव्हा म्हशीचा फोटो लागायचा. कानातला बिल्ला दिसला पाहिजे, शिंगं दिसली पाहिजेत, मालक शेजारी उभा पाहिजे. माणसांपेक्षा म्हशींचे फोटो मी जास्त काढले असतील. नव्वद सालानंतर तीन-चार वर्षांनी असेल, उन्हाळ्यातली गोष्ट. डिंभ्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला एका वस्तीवर सहा म्हशी होत्या. सकाळच्या एसटीनं गेलो, नवा रोल घातला, सहा म्हशींचे सहा फोटो काढले. शेवटची म्हैस बुधाजींची. सत्तरीचा उंच, काटक माणूस. भात करायचे, धरणात जाळं टाकायचे. बिल्ला दिसावा म्हणून म्हशीचा कान त्यांनी स्वतः धरला होता.

फोटो झाल्यावर मला म्हणाले, "शेठ, म्हशीचा काढला. आता आमचा बी काढा की एक. म्हशीपरीस वाईट हाय का मी?"

त्यांचा एकही फोटो नव्हता. सत्तर वर्षांत एकदाही नाही. आत जाऊन त्यांनी मुलाच्या लग्नातला काळा कोट घालून आणला. वर पांढरी टोपी. मी खाट दारासमोर ओढायला लावली, कारण घराच्या आत अंधार आणि अंधारावर चेहरा उठून दिसतो, ही माझी युक्ती. बुधाजी खाटेवर ताठ बसले. कॅमेरा स्टँडवर चढवला, मान खाली घातली, टिच्.

"झालं? वाजलं बी न्हाई नीट," बुधाजी म्हणाले.

आणि त्याच घटकेला त्यांची सून चहाची कपबशी घेऊन माझ्या उजव्या हाताशी आली. याचं कारण आधीच्या तासाभरात होतं. त्यांनी मला जेवायचा लई आग्रह केला होता. चुलीवर धरणातल्या माशाचं कालवण. मी जैन माणूस, हात जोडले. मग भाकरी-चटणी घ्या म्हणाले, तर चटणीत लसूण. मग निदान गूळ खा. मी सगळ्यालाच नाही म्हणत गेलो आणि घरातली माणसं ओशाळली. तेव्हा चहा आला त्याला नाही म्हणणं शक्यच नव्हतं. उजव्या हातात बशी आली. किल्ली उजवीकडेच. चहा गरम, बशी काठोकाठ भरलेली, आणि सून समोर उभी, मी घोट घेतो का बघत.

तेवढ्यात बुधाजींनी बायकोला हाक मारली. "अगं ये, तुझा बी काढत्यात."

ठकूबाई साठीच्या असतील. बुटक्या, चटपटीत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. दारामागूनच म्हणाल्या, "माझा कशाला? मी काय बँकेची म्हैस हाय?"

सगळी वस्ती हसली. मी म्हटलं, "मावशी, दोघांचा एकत्रच काढू. खाटेवर बसा त्यांच्या शेजारी."

"आगं बया! चारचौघांत त्यांच्या शेजारी? न्हाई जमायचं. मी आपली एकली."

बुधाजी उठून बाजूला झाले तरी त्या खाटेवर बसेनात. ज्या खाटेवर मालक बसतो तिथं पावण्यांसमोर बाईनं बसायचं नाही. शेवटी खाट काढली आणि त्याच जागी भाताचं अर्धं भरलेलं पोतं आडवं टाकलं. त्यावर त्या बसल्या, पदर नीट केला आणि एकदम गंभीर झाल्या. मी चहा संपवून कॅमेऱ्याशी गेलो आणि थबकलो.

किल्ली फिरवली होती का आपण?

आठवेना. सवयीनं फिरवली असणार. पण बशी हातात होती. पट्टी उचकटून आकडा बघावा, तर ऊन डोक्यावर, सावलीत जाईपर्यंत मावशी उठून जातील. दुसरा सोपा उपाय म्हणजे किल्ली एकदा उगाच फिरवायची. फार तर एक फोटो कोरा जाईल. पण मी कापडवाल्याचा मुलगा. आमच्या दुकानात चिंधी वाया जात नाही, तिथं अख्खा फोटो वाया घालवायचा? फिरवली असणारच, असं स्वतःला सांगितलं आणि शटर दाबलं. टिच्. या वेळी किल्ली मात्र फिरवली, चांगली आठवणीनं.

"आला का?" मावशींनी विचारलं.

"आला असेल. धुतल्यावर कळेल."

फाट्यावर येऊन एसटीच्या वाटेकडे डोळे लावून झाडाखाली बसलो आणि पट्टी उचकटली. हिशेब सरळ होता. सहा म्हशी, सातवे बुधाजी, आठव्या मावशी, म्हणजे खिडकीत आता नऊ दिसायला हवा होता. आठ दिसत होता.

परत मोजलं. म्हशी खरंच सहा होत्या का पाच? एकीचा राहिला तर नसेल? वस्ती वीस मिनिटांच्या चालीवर होती. उठून मागे जायचं, "मावशी, जरा परत बसा" म्हणायचं, एवढंच काम. मी उठलोही. आणि समोरून धुरळा उडवत गाडी आली. त्या रस्त्याची गाडी ज्यांना माहीत आहे त्यांना मी का चढलो हे सांगायला नको. ती गेली असती तर दुसरी कधी, याचं उत्तर कंडक्टरकडेही नसायचं. म्हटलं, म्हशींचे फोटो द्यायला यायचंच आहे, तेव्हा बघू.

रोलमध्ये पाच फोटो शिल्लक होते. बारा भरल्याशिवाय रोल धुवायचा नाही हा माझा नेम, आणि बँकेच्या साहेबालाही घाई नव्हती. मला मात्र झोप लागत नव्हती. पुष्पा म्हणाली, "एवढा जीव टांगणीला लागलाय तर धुऊन टाका ना." मी म्हटलं, पाच फोटो फुकट घालवू? असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी सकाळी बुधाजींचा मुलगा मारुती स्टुडिओच्या दारात उभा. चेहरा बघूनच मला कळलं.

"शेठ, म्हातारा गेला. परवा दिवशी. ताप काय आला, दोन दिसांत आटपला." मग म्हणाला, "तुमी फोटू काढला व्हता नं? तेवढाच हाय बघा. दुसरा कुटंच न्हाई. दहाव्याला ठेवाया पायजे, हार घालाया. आई सारखी म्हणतीया, शेठनं काढलाय, शेठकडं हाय."

मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार? तो गेला आणि मी दार लावून डार्करूममध्ये शिरलो. कोरे पाच फोटो तसेच ठेवून रोल बाहेर काढला. फिल्म चकतीवर चढवताना दोनदा निसटली. डेव्हलपर ओतलं, घड्याळाकडे बघत डबी हलवत राहिलो. चित्र पक्कं करणारं हायपो झालं, पाणी झालं. झाकण उघडायचा धीर होईना. शेवटी पुष्पानंच आत येऊन रोल उचलून दिव्यासमोर धरला.

सहा म्हशी उत्तम आल्या होत्या. बिल्ले स्पष्ट.

सातव्या चौकोनात दोघं होते.

निगेटिव्हवरून नीट कळत नाही म्हणून तेवढ्याच आकाराचा एक छोटा कागद छापला. डिशमध्ये चित्र वर आलं तसे आम्ही दोघं वाकून बघायला लागलो. अंधाऱ्या दारासमोर बुधाजींचा चेहरा, टोपी, मिशा, सगळं लख्ख. आणि त्यांच्या काळ्या कोटावर, बरोबर छातीच्या मधोमध, ठकूबाईंचा चेहरा. काळा रंग निगेटिव्हवर कोराच राहतो, त्यामुळे कोटाच्या जागेत बाईंचं नाक, डोळे, पदराची किनार, कपाळावरचं कुंकू, काही म्हणजे काही पुसट नव्हतं. त्या खाटेवर बसल्या असत्या तर चेहऱ्यावर चेहरा येऊन दोघंही वाया गेले असते. पोत्यावर बसल्या म्हणून खाली आल्या. खाली कमरेशी धोतर आणि लुगड्याचा गिचका झाला होता, तेवढंच.

पुष्पा म्हणाली, "किती सुंदर आलाय हो."

"सुंदर? अगं, याला हार घालायचाय!"

तिच्या तेव्हा ध्यानात आलं. हार गेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात. ठकूबाई जिवंत होत्या. जिवंत बाईच्या तोंडासमोर हार लोंबवायचा? तोही नवऱ्याच्या दहाव्याला, सगळ्या भावकीसमोर? आणि दुसरी भीती, जी मी तेव्हा पुष्पालाही सांगितली नाही, ती माझ्या नावाची होती. फोटोशेठनं मेलेला नि जिता एकात कालवला, हे बाजारभर झालं असतं. बापूजींच्या दुकानात अर्धं गिऱ्हाईक डिंभ्याकडचं.

कापून अर्धा वापरावा म्हटलं तर बुधाजींची नुसती मुंडी उरत होती. मग एकच वाट राहिली. बारीक कुंचल्यानं फोटोवरचे डाग भरण्यात पुष्पाचा हात धरणारं त्या वेळी तालुक्यात कोणी नव्हतं. मोठा फोटो छापला आणि तिच्यासमोर काळी शाई ठेवली. कोट काळा आहे, चेहरा झाकून टाक, म्हटलं.

तिनं कुंचला शाईत बुडवला आणि परत बाजूला ठेवला. मग म्हणाली, "जित्या बाईच्या तोंडाला काळं फासायला लावताय मला."

"दुसरा उपाय सांग."

"तिला दाखवा. तिला विचारा."

"वेड लागलंय का तुला?"

तिनं भरलं. आधी पदर, मग हनुवटी, मग डोळे. कुंकू शेवटी. संध्याकाळपर्यंत बुधाजींचा कोट कोरा करकरीत झाला, नव्या कापडासारखा. मी दहादा भिंग लावून तपासला. काही म्हणजे काही दिसत नव्हतं. त्या दिवशी तिनं माझ्याशी बोलणं टाकलं ते थेट दुसऱ्या दिवशीच्या जेवणापर्यंत.

दहाव्याच्या आदल्या दिवशी फ्रेम घेऊन मीच गेलो. मारुतीनं ती भिंतीला टेकवून ठेवली. माणसं भोवती जमली, "हुबेहूब आलंय, राव," म्हणाली. ठकूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. कपाळ मोकळं. त्या उठून आल्या, फ्रेमसमोर बसल्या आणि काचेवरून हात फिरवला. चेहऱ्यावरून, टोपीवरून, मग कोटावरून. हात कोटावर आला तेव्हा मी दुसरीकडे बघितलं.

"ह्ये बरं आल्यात," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "अन् माझा?"

"तुमचा आला नाही, मावशी. रोल जरा खराब निघाला. परत येऊन काढतो ना."

"न्हाई आला तर न्हाई आला. म्हटलंच व्हतं मी, माझा कशाला."

परत काढतो, हे तोंडून गेलं आणि माझी नजर त्यांच्या कपाळावर गेली. परत काय काढणार होतो मी? ते कुंकू आता कुठल्या रोलवर येणार होतं? मी चहासुद्धा न घेता निघालो. या खेपेला त्यांनी आग्रहही केला नाही.

नंतर मी गेलो नाही. म्हशींचे फोटो मारुतीच्या हातीच पाठवले. मनात यायचं, जावं, सांगावं. मग लग्नसराई यायची, मग पावसाळा, मग बापूजींचं आजारपण. कारणांना काय तोटा? डिंभ्याकडचं माणूस बापूजींच्या दुकानात दिसलं की मी गोदामात काही शोधायला जायचो. पुष्पानं तो छोटा कागद आणि निगेटिव्ह बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली होती. मी एकदा म्हटलं, टाकून दे ना ते. तिनं डबा उचलून कपाटात ठेवला.

अशी दहा-अकरा वर्षं गेली. रंगीत फोटो सगळीकडे झाले, मग कॉम्प्युटर आला, मी कर्ज काढून डिजिटल कॅमेरा घेतला. जुना डबा फळीवर गेला. एक दिवस दुपारी एक म्हातारी दारात आली. पाठ वाकलेली, हातात काठी, बरोबर नात.

"फोटोशेठ हायती का? फारमाला फोटू पायजे. निराधारच्या पेन्शनीचा."

मी आवाजानं ओळखलं. स्टुलावर बसवलं, फोटो काढला. सवयीनं मागची काच त्यांच्यासमोर धरली.

"आला का?"

"आला, मावशी. हा बघा."

त्यांनी डोळे बारीक करून बघितलं. "लगीच आला की ह्यो! त्या बारीला न्हाई आला बगा." आणि हसल्या. राग नव्हता, टोमणा नव्हता. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्यावर संशयसुद्धा घेतला नव्हता. ते हसणं मला सहन झालं नाही.

मी आतून पुष्पाला हाक मारली. ती काही न विचारता डबा घेऊनच आली. छोटा कागद त्यांच्या तळहातावर ठेवला आणि वर भिंग धरलं. मावशींना आधी बुधाजी दिसले. मग त्या भिंगात अजून वाकल्या.

"आगं बया! ही कोन? मी का काय?"

"तुम्हीच, मावशी. तुमचा आला होता. मी खोटं बोललो. माझ्या चुकीनं एकावर एक निघाला आणि..." मी सगळं सांगितलं. चहाची बशी, किल्ली, गाडी, काळी शाई. "तुम्ही जिवंत होता. त्याला हार कसा घालणार? म्हणून..."

त्यांनी भिंग परत कागदावर नेलं. मग एकदम खुदकन हसल्या आणि पदर तोंडाला लावला. "जलमभर त्यांच्या शेजारी बसायची लाज वाटली अन् तुमी तर छातीवरच बसवलं की ओ, शेठ!"

नात हसली, पुष्पा हसली. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात पदर खाली आला. डोळे भरलेले होते.

"हार घालायचा नव्हता तर नसता घातला. मला पेटीत ठिवाया झाला असता. कुकू हाय ओ त्याच्यात माझं. दहा वर्सं मी नुसत्या कोटाकडं बघितलं."

एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती, कारण मी हाराची आणि माझ्या नावाची काळजी करत बसलो होतो. मी त्यांचे पाय धरले. "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या," म्हणत त्यांनीच माझ्या पाठीवर हात ठेवला.

तो छोटा कागद त्यांनी बटव्यात ठेवला. मी म्हटलं, "मावशी, मोठा करून देतो, फ्रेम करून. लगेच पाठवतो मारुतीकडे."

त्यांनी जरा विचार केला. "मोठा करा. पन धाडू नका. भिताडाला लावला तर लोकं काय म्हनत्याल, म्हातारी जिती अन् फोटू हाराच्या रांगंत? तुमच्यापाशीच ठिवा. मी गेल्यावर पोरगं येईल न्यायाला तवा द्या. मंग काय बिशाद हाय कुनाची, दोघास्नी एकच हार घाला म्हणावं."

तो फोटो मी निगेटिव्ह मोठी करायच्या जुन्या यंत्रावर, एन्लार्जरवर, शिल्लक होता त्या शेवटच्या कागदावर छापला. पुष्पानं त्यावर कुंचला लावला नाही, एक धुळीचा कण भरला तेवढाच. यंदा मी स्टुडिओ बंद केला, तो जुना डबा एका हौशी पोराला देऊन टाकला आणि फ्रेम घरी आणून कपाटामागे जुन्या साडीत गुंडाळून ठेवली. आयुष्यभर गिऱ्हाईक फोटो न्यायला येत नाही म्हणून मी कटकट केली. हा एकच फोटो आहे की न्यायला कोणी येऊ नये म्हणून मी रोज हात जोडतो. डिंभ्याची गाडी घोडेगावात लागायच्या वेळेला मी दाराकडे पाठ करून बसतो.

गेल्या आठवड्यात मारुती आला. आता तोही पिकलाय. त्याला पायरीशी बघितलं आणि माझी नजर कपाटाकडे गेली. पुष्पा आतून आली ती दाराच्या चौकटीला धरूनच उभी राहिली. त्यानं चपला काढल्या, आत आला, पिशवीतून लग्नपत्रिका काढली. पोरीचं लगीन हाय, यायचं, म्हणाला.

मी विचारलं, "मावशी?"

"हाय की. दात गेलं, पर तोंड न्हाई गेलं." मग डोकं खाजवत म्हणाला, "तिनं एक निरोप दिलाय बगा. म्हनली, शेठकडं माझी एक वस्तू हाय, नीट हाय का इचार. कसली वस्तू ओ?"

"आहे," मी म्हटलं. "अगदी नीट आहे. घाई करू नका म्हणावं."